तुम्ही विचारलंत म्हणून: या वयात पापण्या कशाला उचलून घेतल्या?

लग्नकार्यात, मंडईत, बँकेच्या रांगेत, जुनी ओळख निघाली की प्रश्न येतोच. आधी, "डोळ्यांचं काही केलंत का?" मग आवाज जरा खाली आणून, "दिसण्यासाठी केलंत?"

हो, दिसण्यासाठीच केलं. मी लोकांना कशी दिसते यासाठी नाही, मला लोक दिसावेत म्हणून.

साठी ओलांडल्यावर माझ्या वरच्या पापण्या खाली येत गेल्या. एका दिवसात काही घडलं नाही, त्यामुळे कळलंही नाही. साताऱ्याच्या स्टँडवर एसटीची पाटी वाचायला मी हनुवटी वर करून मान मागे टाकायची. ओट्यावरच्या कपाटाचं उघडं दार दिसायचं नाही, दोनदा कपाळाला खोक पडली. संध्याकाळ झाली की कपाळ ठणकायचं. चष्म्याचा नंबर बदलला, बीपी तपासून घेतलं. पापण्या जड झाल्या की आपण नकळत भुवया वर ताणतो आणि कपाळाचा स्नायू दिवसभर ते ओझं वाहतो, हे मला फार उशिरा समजलं.

माझी आई म्हातारपणी दुपारी हरिपाठ वाचायची. उजव्या हाताचं बोट ओळीवर आणि डाव्या हाताचं बोट डाव्या पापणीवर, पापणी वर धरून. हात भरून आला की पुस्तक मिटायची. आम्ही पाच भावंडांनी ते वर्षानुवर्षं बघितलं. तिचे दोन्ही मोतीबिंदू आम्ही काढून आणले, पण पापणी कुणाच्या मनातसुद्धा आली नाही. वय झालं की असं व्हायचंच, असं धरून चाललो. पुढे एकदा परातीत तांदूळ निवडताना माझी मुलगी म्हणाली, "आई, आजीसारखं बोट लावून बसलीयस." मी हात खाली घेतला आणि समोरचे तांदूळ मला दिसेनासे झाले. त्याच आठवड्यात आम्ही पुण्याला गेलो.

पापण्या, अश्रुमार्ग आणि डोळ्यांभोवतीची शस्त्रक्रिया करणारे नेत्रतज्ज्ञ वेगळे असतात, हे तिथेच कळलं. त्यांना ऑक्युलोप्लास्टिक सर्जन म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात लहान बॅटरीचा उजेड टाकला. बाहुलीच्या मधोमध त्याचा ठिपका चमकतो, तिथपासून पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर त्यांनी पट्टीनं मोजलं. साधारण 4 ते 5 मिलिमीटर असायला हवं. माझं उजवीकडे 2 होतं, डावीकडे जेमतेम 1. मग अंगठ्यानं भुवई दाबून धरली, खाली बघायला सांगितलं, नंतर वर. पापणी किती सरकते ते मोजलं: 13 मिलिमीटर. हा आकडा चांगला होता. म्हणजे पापणी उचलणारा स्नायू धडधाकट होता. त्या स्नायूचा पातळ, रुंद पडदा पापणीत येऊन चिकटलेला असतो, तो ताणून सुटत आला होता. मोटेचा बैल दमदार असावा आणि नाडा सैल पडावा, तसं. "कॉन्टॅक्ट लेन्स वापरत होता?" त्यांनी विचारलं. नोकरीत असताना कडक लेन्स वीस-बावीस वर्षं वापरल्या होत्या, रोज पापणी ओढून काढायच्या. वयाच्या जोडीला तेही एक कारण असू शकतं, असं त्या म्हणाल्या.

नंतर एका घुमटासमोर बसवून दृष्टिक्षेत्राची तपासणी झाली. एक डोळा झाकायचा, समोरच्या खुणेवर नजर ठेवायची आणि कडेला बारीक दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. पहिल्यांदा पापण्या होत्या तशाच ठेवून. दुसऱ्यांदा चिकटपट्टीनं त्या वर चिकटवून. दुसऱ्या वेळी वरच्या बाजूला दिवे लागायला लागले आणि मला धक्काच बसला. पहिल्या वेळीही ते लागत होते, मला दिसत नव्हते. दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा पहिल्यावर वरचा बराच भाग काळा होता. हे दिसण्यासाठी केलंत का, असं मला जो विचारतो, त्याला मी ते दोन कागद दाखवते. विमा कंपनीलाही फोटोंसोबत तेच जोडले.

मला वाटत होतं, डावीच जास्त उतरलीय तर तेवढीच करू. डॉक्टरीणबाईंनी डावी पापणी बोटानं वर धरली आणि मुलीला म्हणाल्या, "आता उजवी बघा." ती बघता बघता खाली आली. दोन्ही पापण्यांना मेंदूकडून हुकूम एकच जातो. एक जड झाली की मेंदू दोन्हींना जोर लावतो, आणि एक उचलली की दुसरीचा जोर ओसरतो. म्हणून दोन्ही केल्या.

ऑपरेशनमध्ये मी पूर्ण जागी होते. मोठ्या माणसांत शक्यतो असंच करतात, कारण पापणी किती उचलायची हे पेशंटनं डोळे उघडले की नीट कळतं. भुलेची सुई मात्र झोंबते, ते लपवण्यात अर्थ नाही. पापणीच्या नैसर्गिक घडीत छेद घेतला, सैल कातडी थोडी काढली, सुटलेला पडदा पुढे ओढून पापणीच्या आतल्या कूर्चेसारख्या पट्टीला टाक्यांनी बांधला. मग मला टेबलावर उठवून बसवलं. "समोर बघा. वर बघा. मिटा." एक टाका सोडून परत बांधला, परत बसवलं. एका मिलिमीटरसाठी चाललेलं ते काम मी कधी विसरणार नाही.

इथे एक गोष्ट नीट ऐका. लोंबणारी कातडी काढणं हे एक ऑपरेशन आणि उतरलेली पापणी उचलणं हे दुसरं. पुष्कळांना दोन्ही लागतं. नुसती कातडी काढली आणि पडदा सुटलेलाच राहिला, तर डोळा अर्धा मिटलेलाच राहतो. दोन्हींपैकी तुमचं काय बिघडलंय, हे मोजून घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

चार दिवस चेहरा निळा-जांभळा सुजला होता. बर्फाचा शेक, उशाला दोन उशा, सातव्या दिवशी टाके निघाले. पहिले काही आठवडे झोपेत डोळे पुरते मिटत नव्हते, रात्री मलम आणि दिवसा थेंब चालू होते. दोन्ही डोळ्यांत आजही बारीकसा फरक आहे. काहींना पुन्हा टाके घ्यावे लागतात, हे आधीच सांगितलं होतं. पण संध्याकाळची डोकेदुखी गेली ती गेलीच.

हे सगळं वयानं उतरलेल्या पापणीचं. पापणी अचानक पडली, सोबत डोकं दुखतंय, एकाचे दोन दिसतायत किंवा त्या डोळ्याची बाहुली मोठी झालीय, तर माझा अनुभव विचारत बसू नका, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जा. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला की असं होऊ शकतं. सकाळी बरी आणि संध्याकाळी उतरलेली, असं असेल तर स्नायू थकवणारा आजार आहे का ते आधी तपासतात, त्यावर औषधं असतात.

आणि लहान मूल असेल तर थांबू नका. आमच्याकडे दूध घालणाऱ्या आजी एकदा पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमचं डोळं कसं उघडलं वं? आमच्या नातीचा येक जल्मापासनं झाकल्यालाच हाय. मोठी झाली की उघडंल म्हणत्यात." पोरगी तीन वर्षांची. जन्मतः असलेल्या दोषात तो स्नायूच नीट घडलेला नसतो, मोठं होऊन तो सुधारत नाही. शिवाय पापणीनं बाहुली झाकली तर मेंदू त्या डोळ्यानं बघायला शिकतच नाही, आणि ते शिकण्याचं वय निघून गेलं की नंतर पापणी उचलूनही उपयोग थोडाच. मी माझी मुलगी सोबत दिली, त्यांना पाठवलं. स्नायूत दमच नव्हता, म्हणून पापणी सिलिकॉनच्या बारीक दोरीनं कपाळाच्या स्नायूला टांगली. आता नात भुवई उचलून बघते.

परवा आजी पुन्हा पायरीवर बसल्या. "झोपंत डोळा थोडा उघडा ऱ्हातो तिचा. भ्या वाटतंय." मी म्हटलं, ते राहतं, डॉक्टरांनी सांगितलंय ना. रात्रीचं मलम मात्र एक दिवस चुकवू नका. त्यांनी ट्यूब पिशवीतून काढून मला दाखवली. निम्मी संपली होती.