तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे खून सुचतात कसे?

कुठेही ओळख करून देताना ‘या रहस्यकथा लिहितात’ असं कोणी म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: तुम्हाला एवढे खून सुचतात तरी कसे? विचारणारा नकळत खुर्ची थोडी मागे घेतो, ती गंमत मी मनात टिपून ठेवते. माझं उत्तर ऐकून मात्र त्याचा विरस होतो. खून सुचावे लागतच नाहीत. पैसा, मत्सर, सूड, भीती आणि आधीचं काहीतरी झाकण्याची धडपड, फिरून फिरून तीच कारणं. ती तुम्हालाही ठाऊक आहेत. माझा जीव खातात ती कथेतली निरपराध माणसं.

समजा, गोष्टीत सहा संशयित आहेत. खुनी त्यातला एक. खोटं बोलायला त्याच्याकडे भक्कम कारण आहे, त्याची काळजी नाही. पण उरलेले पाचजण सरळ खरं सांगून मोकळे झाले, तर तपास दुसऱ्याच प्रकरणात आटोपेल. म्हणजे त्या पाचांनीही काहीतरी लपवायला हवं, आणि त्या लपवण्याचा खुनाशी काडीचाही संबंध नको. वर ते कारण असं हवं, की खुनाचा संशय अंगावर आला तरी माणसाच्या तोंडून ते निघणार नाही. नोकरी सुटल्याचं घरी न सांगता रोज सकाळी तयार होऊन बाहेर पडणारा गृहस्थ चालतो, पण तो आता बराच वापरून झालाय. मला जास्त आवडते ती रात्रपाळीची नर्स. ‘मी रात्रभर रुग्णापाशीच होते’ असं ती शपथेवर सांगते, कारण मध्ये तासभर आपला डोळा लागला होता हे कबूल करण्याची तिला लाज वाटते. त्या तासात काय घडलं हे तिला खरंच माहीत नाही. तिचं खोटं माणसासारखं आहे, आणि त्याने खुन्याला आयतं संरक्षण मिळतं. असं एक खोटं सापडायला मला कित्येकदा खुनापेक्षा दसपट वेळ लागतो.

म्हणून मी लिहायला बसते तेव्हा आधी गोष्ट लिहीतच नाही. एका वहीत, कोणाला दाखवायचंच नाही अशा कोरड्या भाषेत, त्या रात्री प्रत्यक्षात काय घडलं ते घड्याळाबरहुकूम लिहून काढते. मग प्रत्येक माणसापुढे: तो होता कुठे, सांगतो काय, आणि तसं का सांगतो. तिसरा रकाना भरला नाही तर तो माणूस कादंबरीत येत नाही. खुनी कोण हे लिहितालिहिता कळतं, असं सांगणारे लेखक आहेत. असतील बापडे. माझ्याच्याने ते होत नाही.

याच रकान्यांपायी वैद्यकशास्त्राशी गाठ पडते. कथेतला डॉक्टर मृतदेहाकडे पाहतो आणि ‘मृत्यू रात्री 11 ते 11:30च्या दरम्यान’ असं सांगून हात धुतो. खरा डॉक्टर असं बोलणार नाही. शरीर थंड होण्याचा वेग हवा, कपडे, अंगकाठी यांवर बदलतो. ताठरता साधारण 2 ते 4 तासांत जबड्याशी आणि मानेशी जाणवू लागते, 12 तासांच्या सुमारास सर्वांगात भरते आणि मग ओसरते. उकाड्यात हे सगळं लवकर होतं. हाती येतो तो काही तासांचा अंदाज. मला तो सैलपणा हवाच असतो, कारण अंदाज जितका रुंद, तितक्या जास्त माणसांना आपण कुठे होतो याचा हिशोब द्यावा लागतो.

आणि मृत्यूनंतर रक्त शरीराच्या खालच्या भागात साकळून पडणारे ते जांभळट डाग! काही तासांनी ते पक्के होतात. त्यानंतर देह पालथ्याचा उताणा केला, तरी डाग जुन्याच बाजूला राहतात. वाचक लगेच म्हणतो, खुन्यानेच हलवला. पण हलवणारा खुनी असायला पाहिजे असं थोडंच आहे? आपला भाऊ नको त्या घरात मरून पडलेला दिसला, म्हणून घराण्याच्या अब्रूसाठी त्याला उचलून दुसरीकडे नेणारी बहीण मला त्या डागांनीच दिली.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल, तर डीएनएची गोष्ट पाहा. इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमध्ये दोन मुलींचे खून झाले होते. 1986मध्ये एका 17 वर्षांच्या मुलाने त्यातल्या एका खुनाची कबुली दिली. लेस्टर विद्यापीठातल्या अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी नमुने तपासले, तेव्हा दोन्ही खून एकाच माणसाने केल्याचं आणि तो माणूस हा मुलगा नसल्याचं दिसलं. म्हणजे गुन्ह्याच्या तपासात या तंत्राने पहिलं मोठं काम केलं ते निरपराधाला सोडवण्याचं. पुढे त्या भागातल्या हजारो पुरुषांचे नमुने घेतले गेले आणि खुनी त्यातूनही निसटला, कारण त्याच्याऐवजी त्याच्या एका सहकाऱ्याने स्वतःचा नमुना दिला होता. प्रकरण उलगडलं ते तो सहकारी पबमध्ये हे बोलून गेला आणि ते कोणीतरी ऐकलं म्हणून. कबुली देणारा निर्दोष, नमुना देणारा भलताच. मी हे कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकांनी ‘फार ताणलंय’ असा शेरा मारला असता.

मोबाइलमुळे तुमचं काम अवघड झालं असेल ना, हाही एक नेहमीचा प्रश्न. थोडं झालंय. पण फोन कुठे होता एवढंच फोन सांगतो, माणूस कुठे होता ते नाही. ज्याला काही लपवायचंय तो हल्ली फोन घरी ठेवून बाहेर पडतो. माझी निरपराध माणसंही तेच करतात, आणि पोलिसांच्या नजरेत आणखी अडकतात.

एक बंधन मात्र मी पाळते. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने 1929मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यायलाच हवा, हा त्यातला एक. बाकीच्यांत सवलत घेता येते, यात नाही. पात्रांनी हवं तेवढं खोटं बोलावं. निवेदनाने बोलायचं नाही. ‘ती दार लावून झोपली’ असं मी लिहिलं, तर ती झोपलेली असलीच पाहिजे. ‘तिने दार लावलं, दिवा मालवला’ एवढंच लिहिलं असेल, तर पुढचं तुम्ही गृहीत धरलंत.

सध्या गाडं अडलंय ते एका वॉचमनपाशी. त्या रात्री फाटकातून कोणी आलंच नाही, असं तो ठामपणे सांगतो. एकजण आला होता, तो खुनी नव्हता, आणि वॉचमनने पैसेही घेतलेले नाहीत. मग तो खोटं का बोलतोय? तिसरा रकाना अजून कोराच आहे.