सिग्नल पूर्ण, आवाज तुटका: पोलीस आणि अग्निशमन रेडिओतील सिमलकास्टविषयी

अमेरिकेतील एखाद्या काउंटीने, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाने, पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी सामायिक रेडिओ यंत्रणा उभारायचे ठरवले, की जिथे रेंज मिळणार नाही तिथे आणखी एक टॉवर उभा करून टाकू, हे वाक्य पहिल्याच बैठकीत कुणीतरी हमखास बोलून जाते. मोबाइलच्या अनुभवावरून असे वाटणे स्वाभाविक आहे. अशा यंत्रणांच्या कव्हरेजचे आराखडे करणे आणि प्रत्यक्ष रस्त्यावर जाऊन मोजमापे घेणे हेच माझे काम असल्यामुळे त्या वाक्यापाशी मी दर वेळी थांबतो, कारण सिमलकास्ट पद्धतीच्या, म्हणजे अनेक टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी तेच बोलतात अशा, रेडिओत वाढवलेला टॉवर एका खोऱ्यात आवाज पोहोचवतो आणि कधीकधी त्याच वेळी, कालपर्यंत सुरळीत चाललेल्या दुसऱ्या वस्तीत तो बिघडवून ठेवतो.

मुळात सिमलकास्ट कशासाठी, हे आधी पाहावे लागेल. मोबाइलवर बहुतेक वेळा एक माणूस एकाच माणसाशी बोलतो, त्यामुळे तो ज्या टॉवरच्या हद्दीत असेल त्याच टॉवरने त्याच्यासाठी काम केले तरी पुरते. पोलिसांच्या रेडिओवर मात्र एक जण बोलतो आणि काउंटीभर विखुरलेल्या शंभर जणांना ते एकाच क्षणी ऐकू यावे लागते. दहा चॅनेलची यंत्रणा आठ टॉवरवर चालवायची आणि प्रत्येक टॉवरला स्वतंत्र फ्रिक्वेन्सी द्यायची म्हटले, तर फ्रिक्वेन्सींच्या ऐंशी जोड्या (प्रत्येकीत एक बोलण्यासाठी, एक ऐकण्यासाठी) लागतील. सार्वजनिक सुरक्षेसाठी राखून ठेवलेल्या ७०० आणि ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत, शेजारच्या काउंट्यांचाही हक्क सांभाळून, इतक्या जोड्या एका काउंटीच्या वाट्याला येणे अवघडच असते. सिमलकास्टमध्ये तेच आठ टॉवर त्याच दहा जोड्यांवर, तोच मजकूर, एकाच वेळी प्रक्षेपित करतात. गस्तीची गाडी एका टॉवरच्या छायेतून दुसऱ्याच्या छायेत गेली तरी तिच्या रेडिओला फ्रिक्वेन्सी बदलावी लागत नाही.

‘एकाच वेळी’ हे दोन शब्द सहज लिहिले जातात, पण सगळा कस त्यांतच लागतो. मुख्य केंद्रावरून निघालेला डिजिटल आवाज मायक्रोवेव्ह किंवा फायबरच्या मार्गाने प्रत्येक टॉवरवर पोहोचतो. टॉवर जवळ असो वा दूर, मिळालेला तुकडा ठरलेल्या क्षणापर्यंत अडवून ठेवायचा आणि बरोबर त्याच क्षणी हवेत सोडायचा, असा नियम असतो. तो क्षण ठरवण्यासाठी प्रत्येक ठिकाणी जीपीएसवर चालणारे घड्याळ बसवलेले असते, ज्यातून दर सेकंदाला एक ठोका आणि १० मेगाहर्ट्झचा स्थिर संदर्भ-सिग्नल मिळतो. वेळेची अचूकता मायक्रोसेकंदाच्याही आत राखावी लागते. शिवाय सगळ्या टॉवरांच्या वाहक लहरी एकमेकींपासून फार तर काही हर्ट्झच ढळलेल्या चालतात, म्हणजे ८५० मेगाहर्ट्झच्या लहरीत दहा कोटींत एखाद्या भागाची सूट.

इतके केल्यावरही निसर्गाचा एक नियम उरतोच. लहर हवेत एकाच क्षणी सुटली तरी ती ऐकणाऱ्यापर्यंत एकाच क्षणी पोहोचत नाही, कारण रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जाते आणि दोन टॉवर कुणापासूनही क्वचितच समान अंतरावर असतात. सभेच्या मैदानात लांबलांब बांधलेल्या दोन भोंग्यांच्या मधोमध न राहता जरा एका बाजूला सरकलेल्या माणसाला तेच भाषण दोनदा, एकावर एक चढलेले ऐकू येते, तसाच हा प्रकार आहे.

प्रोजेक्ट २५, म्हणजे पी२५ या अमेरिकी मानकाच्या पहिल्या टप्प्यात सेकंदाला ४,८०० चिन्हे पाठवली जातात, आणि प्रत्येक चिन्हात दोन बिट्स असतात. एका चिन्हाच्या वाट्याला साधारण २०८ मायक्रोसेकंद येतात. दोन टॉवरांकडून येणाऱ्या, जवळपास सारख्याच ताकदीच्या लहरींमधला फरक या कालावधीच्या चौथ्या हिश्शाच्या, म्हणजे सुमारे ५० मायक्रोसेकंदांच्या पुढे गेला, की आधीचे चिन्ह आणि नंतरचे चिन्ह एकमेकांत मिसळून रेडिओ गोंधळतो. पन्नास मायक्रोसेकंद म्हणजे १५ किलोमीटरचे अंतर. सिमलकास्टसाठीच घडवलेल्या वेगळ्या मॉड्युलेशनमुळे, म्हणजे लहरीवर माहिती चढवण्याच्या पद्धतीमुळे, ही मर्यादा ८० मायक्रोसेकंदांच्या आसपास नेता येते, आणि आज नव्या यंत्रणा बहुतांशी तेच वापरतात. दुसऱ्या टप्प्यात चिन्हांचा वेग सेकंदाला ६,००० असल्याने चिन्हाचा कालावधी आणखी आखूड होतो.

मग प्रत्येक दोन टॉवरांच्या मध्ये आवाज का तुटत नाही? ३० किलोमीटर अंतरावरचे दोन टॉवर घेऊ. त्यांना जोडणाऱ्या रेषेवर, एकापासून ५ आणि दुसऱ्यापासून २५ किलोमीटरवर उभ्या असलेल्या शिपायासाठी वेळेचा फरक सुमारे ६७ मायक्रोसेकंद होतो, पण जवळच्या टॉवरचा सिग्नल दूरच्यापेक्षा शेकडो पटींनी ताकदवान असतो, त्यामुळे रेडिओ जवळच्याचेच ऐकतो आणि दूरचा त्याच्या हिशेबी नसल्यासारखा होतो. अगदी मध्यावर दोन्ही सिग्नल तुल्यबळ असतात, पण तिथे दोन्हींना लागणारा वेळही सारखाच असतो. अडचण येते ती जवळचा टॉवर टेकडीआड गेला आणि दूरचा, उंचावरचा टॉवर थेट समोर दिसू लागला तर. तेव्हा दोघांची ताकद जुळते आणि वेळ मात्र जुळत नाही.

अशी जागा गाडीतून जाताना ओळखू येते. मोजणीच्या गाडीत रेडिओला जोडलेल्या लॅपटॉपवर दोन आकडे शेजारी शेजारी उमटत असतात: एक सिग्नलची ताकद, दुसरा बिटचुकीचे प्रमाण. साध्या दुबळ्या सिग्नलच्या भागात ताकद घसरते आणि तिच्यामागून चुका वाढतात. सिमलकास्टच्या गोंधळाच्या जागी ताकदीचा आकडा उणे ७५ डीबीएमसारखा ठणठणीत असतो आणि चुका मात्र सहा-सात टक्क्यांवर गेलेल्या दिसतात. रेडिओच्या पडद्यावर सगळ्या दांड्या भरलेल्या, आणि नियंत्रण कक्षातून सूचना देणाऱ्या डिस्पॅचरच्या वाक्यातला पत्ता मात्र गायब. जुन्या अ‍ॅनालॉग रेडिओवर अशा जागी आवाज थरथरत, घोगरत का होईना येत असे. डिजिटलमध्ये तो काही अंतरापर्यंत अगदी स्वच्छ असतो आणि मग एकदम तुकडे पडतात. दांड्यांवरून कव्हरेज ठरवणे ही या क्षेत्रातली सर्वांत घातक सवय आहे, असे माझे मत आहे.

यावरचा पहिला उपाय म्हणजे मुद्दाम उशीर करणे. वरच्या उदाहरणात जवळच्या टॉवरचे प्रक्षेपण ४० मायक्रोसेकंदांनी लांबवले, तर अडचणीच्या जागी फरक ६७ वरून २७ वर येतो आणि बोलणे सुधारते. पण रेषेच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या टॉवरपासून ५ किलोमीटरवर, तोच फरक ६७ वरून १०७ वर जातो. तिथला टॉवर पुरेसा वरचढ असेल तर हरकत नाही. नसेल तर दुखणे एका गावातून काढून दुसऱ्या गावात नेऊन ठेवल्यासारखे होते. आठ टॉवर असले की अशा जोड्या अठ्ठावीस होतात, आणि एकाचा उशीर बदलला की त्याच्या सातही जोड्या हलतात. म्हणून आराखडा करणारा माणूस नकाशावर मोठे तळे, निर्मनुष्य जंगल किंवा काउंटीच्या सीमेपलीकडची जमीन शोधत बसतो आणि जे टाळता येत नाही ते तिकडे ढकलतो. दुसरा उपाय ऐकणाऱ्याला उलटा वाटेल असा आहे: उंचावरच्या टॉवरची ताकद कमी करणे, किंवा त्याची अँटेना खाली झुकवणे, जेणेकरून तो त्याच्या प्रदेशापलीकडे जाऊन इतरांच्या कामात अडथळा आणणार नाही. पैसे खर्चून उंच टॉवर उभारला आणि आता तुम्ही त्याचा जोर कमी करा म्हणता, असा सूर बैठकीत निघतो. तरीही ते करावेच लागते.

आता उलट दिशेचा विचार करू, कारण माझ्या मते सिमलकास्टची खरी थोरवी तिथेच दिसते. टॉवरवरचा ट्रान्समीटर १०० वॉटच्या आसपास असतो, पण अग्निशामकाच्या कमरेला लटकणारा ८०० मेगाहर्ट्झचा वॉकीटॉकी जेमतेम ३ वॉटचा असतो, आणि त्यातलीही बरीच शक्ती त्याचेच शरीर शोषून घेते. टॉवरचे बोलणे त्याला ऐकू येईल, पण त्याचे बोलणे टॉवरला ऐकू जाईलच असे नाही. इथे सगळे टॉवर एकाच वेळी कान देऊन असतात. प्रत्येक टॉवर आपल्याला जे ऐकू आले ते मुख्य केंद्राकडे पाठवतो आणि तिथला व्होटर क्षणाक्षणाच्या तुकड्यांची तुलना करून ज्यात चुका सर्वांत कमी तो तुकडा निवडतो. वाक्याचा आरंभ एका टॉवरकडून आणि शेवट दुसऱ्याकडून आला तरी ऐकणाऱ्याला कळत नाही. बोलणारा एकच असल्यामुळे सिमलकास्टचा वेळेचा घोळही या दिशेत नसतो. म्हणजे दोन टॉवरांच्या प्रदेशांचे जे एकमेकांवर चढणे एका दिशेत त्रासदायक ठरते, तेच दुसऱ्या दिशेत अडचणीतल्या माणसाचा आधार होते. म्हणूनच काही ठिकाणी फक्त ऐकणारे, प्रक्षेपण न करणारे टॉवर बसवतात, आणि तो पर्याय आहे त्यापेक्षा कितीतरी अधिक वापरला जावा असे मला मनापासून वाटते.

मिनेसोटा राज्याची ‘आर्मर’ ही यंत्रणा या सगळ्याचे चांगले उदाहरण आहे. तिचा कणा असलेले टॉवर राज्याच्या वाहतूक खात्याच्या ताब्यात आहेत आणि तेच खाते त्यांची देखभाल करते, तर मिनियापोलिससारख्या दाट वस्तीच्या भागांत त्या कण्याला जोडलेले सिमलकास्टचे स्वतंत्र समूह आहेत. १ ऑगस्ट २००७ रोजी संध्याकाळी, रहदारीच्या ऐन वेळी, मिनियापोलिसमध्ये मिसिसिपी नदीवरचा आय-३५डब्ल्यू महामार्गाचा पूल कोसळला आणि १३ जणांचा मृत्यू झाला. पोलीस, अग्निशमन, शेरीफचे दल, रुग्णवाहिका असे अनेक खात्यांचे लोक धावून आले, आणि ८०० मेगाहर्ट्झच्या सामायिक यंत्रणेवर त्यांना एकमेकांशी बोलता आले. त्या यंत्रणेचे काम नंतरच्या आढाव्यांत वाखाणले गेले. काही वर्षे आधी याच खात्यांचे रेडिओ वेगवेगळे होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सामायिक यंत्रणेमागचा खर्च आणि खटाटोप कशासाठी होता हे समजते.

टॉवरच्या पायथ्याची खोली पाहिली, तर प्रक्षेपणाइतकीच काळजी घड्याळाची घेतलेली दिसते. ट्रान्समीटरांची कपाटे, त्या सगळ्यांना एका अँटेनेवर आणणारा कंबाइनर, ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांची रांग, बाहेर जनरेटर, आणि छपराला जीपीएसची टोपीएवढी अँटेना. वादळात किंवा बर्फात ही लहानशी अँटेना निकामी झाली, तर रुबिडियमचे घड्याळ काही काळ वेळ धरून ठेवते. तो काळ संपला आणि घड्याळ सरकू लागले, की त्या टॉवरने प्रक्षेपण बंद करावे अशीच रचना केलेली असते, कारण गप्प झालेला टॉवर फक्त आपल्या भागापुरता उणा पडतो, तर चुकीच्या क्षणी बोलणारा टॉवर शेजाऱ्यांचेही बोलणे बिघडवतो. मायक्रोवेव्हच्या जोडण्या वर्तुळाकार ठेवतात त्याचेही कारण हेच की एका बाजूची जोडणी तुटली तर आवाज उलट्या बाजूने फिरून यावा. मात्र तो फेरा लांबचा असल्याने अडवून ठेवण्याचा वेळ पहिल्यापासूनच त्या लांब फेऱ्याच्या हिशेबाने ठरवावा लागतो.

हौसेने स्कॅनरवर पोलिसांचे रेडिओ ऐकणारे लोक अमेरिकेत पुष्कळ आहेत, आणि सिमलकास्टचा प्रश्न त्यांच्याइतका जवळून फार थोड्यांनी अनुभवला असेल. साध्या एफएम पद्धतीने सिग्नल सोडवणारे स्कॅनर शहरात, टॉवरांच्या गराड्यात, अडखळतात. अँटेना काढून ठेवली तर कधीकधी आवाज सुधारतो, कारण मग एकच टॉवर ऐकू येतो. २०१८ मध्ये युनिडेनचा एसडीएस१०० हा लहरीची ताकद आणि कला (फेज) दोन्ही वाचणारा स्कॅनर आल्यावर त्यांचा बराच त्रास मिटला.

मोठ्या इमारतींचे दुखणे निराळे आहे. अमेरिकेत अग्निसुरक्षेच्या संहितांनुसार नव्या मोठ्या इमारतींत अग्निशमन दलाचा रेडिओ चालावा लागतो, आणि तो चालत नसेल तर आत सिग्नल वाढवणारे उपकरण बसवतात. या उपकरणांतील अरुंद फिल्टर सिग्नलला आणखी काही मायक्रोसेकंद, क्वचित दहांच्या पटीत मायक्रोसेकंद, उशीर लावतात, आणि फायबरमधून नेलेल्या प्रत्येक किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद जातात. तळमजल्यावरच्या लॉबीत काचेतून येणारा बाहेरचा सिग्नल आणि छतातून येणारा आतला सिग्नल जिथे तुल्यबळ होतात, तिथे इमारतीने स्वतःच एक नवा टॉवर उभा केलेला असतो. इमारतीचा ठेकेदार आणि काउंटीचे रेडिओ खाते यांनी हे उपकरण बसवण्याआधी एकत्र बसून पाहायला हवे, आणि ते अजूनही पुरेसे होत नाही.

यंत्रणा ताब्यात घेण्यापूर्वी काउंटीच्या नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकात चाचणी घेतात. नेहमीची अट अशी की ९५ टक्के भागात आवाजाचा दर्जा पाचपैकी ३.४ मिळावा, म्हणजे बोलणे समजावे आणि पुन्हा सांगायला लावण्याची वेळ क्वचितच यावी. पी२५ च्या पहिल्या टप्प्यात याचा अर्थ बिटचुका सुमारे दोन टक्क्यांच्या आत. ही चाचणी गाडीच्या छतावरच्या अँटेनेवरून घेतली तर निकाल सुरेख येतो, म्हणून कमरेला लावलेल्या वॉकीटॉकीवरून आणि इमारतींच्या आत ती घ्यावी असा माझा आग्रह असतो. ती उन्हाळ्यात, झाडे पानांनी भरलेली असताना घ्यावी, कारण ८०० मेगाहर्ट्झची लहर पानांत बरीच शोषली जाते आणि हिवाळ्यातला नकाशा जूनमध्ये खरा ठरत नाही. आणि पुढे कधी नववा टॉवर जोडला, तर चाचणी फक्त त्याच्या परिसरात न घेता पहिल्या आठांच्या सर्व चौकोनांत पुन्हा घ्यावी, ही अट कंत्राटात पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावी.