पुढच्या वेळी या

रविवार, १८ मे २०२५. रात्री साडेअकरा.

झोप येत नाही. उकाडा आहे, लाइट दोनदा गेली, पण त्यामुळे नाही. आज हात दुखत नाहीये, त्यामुळे. रक्तदान शिबिराच्या रात्री डावा कोपर जरासा ठणकतो. कापसाचा बोळा चिकटपट्टीसकट तसाच राहतो आणि ही म्हणते, "काढा आता ते." आज काढायला काही नव्हतं. हीसुद्धा काही बोलली नाही. तिने हाताकडे पाहिलं, मग ताट वाढलं.

घडलं म्हणावं असं काही नाही. सकाळी नेहमीसारखा पहिला फॉर्म मी भरला. रक्तपेढीतली मुलगी नवीन होती. तिने जन्मतारीख वाचली, बोटांवर हिशोब केला आणि म्हणाली, "काका, गेल्या रविवारी पासष्ट पूर्ण झाली ना? आता तुमचं घेता येणार नाही." आणि लगेच, मनापासून, "वाढदिवसाच्या शुभेच्छा." तिचं काहीच चुकलं नाही. मला राग आला असता तरी बरं झालं असतं, राग निवळतो.

नियम मला माहीत नव्हता असंही नाही. वय अठरा ते पासष्ट, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा, पुरुषांनी तीन महिन्यांनी, बायकांनी चार महिन्यांनी. चिपळूणच्या डीबीजे कॉलेजपासून खेर्डीच्या गणपती मंडळापर्यंत हे मी इतक्यांदा बोललोय की झोपेत विचारलं तरी सांगेन. मग फॉर्म का भरला? दिवसभर हेच डोक्यात फिरतंय. मला वाटलं असणार की मला कोण विचारतंय. इतकी वर्षं शिबिराची मांडामांड करणाऱ्याला तारीख लागू पडत नाही, असं कुठेतरी आत बसलं असणार. लिहिताना लाज वाटते, पण दुसरं कारण सापडत नाही.

आमच्या क्लबच्या अध्यक्षांनी पाहिलं. चांगला मुलगा आहे. जवळ येऊन म्हणाला, "काका, तुम्ही खाऊच्या टेबलावर बसा, तिथे अनुभवी माणूस पाहिजेच." बसलो. समोर थर्मास, पारले-जीचे पुडे, केळी. उन्हातून आलो होतो, घसा सुकला होता, कप पुढे ओढला आणि हात तिथेच थांबला. टेबलाला पाटी लावलेली होती. "चहा-बिस्किटे फक्त रक्तदात्यांसाठी."

पाटीवरचं अक्षर माझंच आहे.

कधीतरी एका शिबिरात शाळेची पोरं येऊन बिस्किटं संपवून गेली आणि शेवटच्या दहा-बारा दात्यांना द्यायला काही उरलं नाही. एक जण चक्कर येऊन पडला. म्हणून मी पाटी लिहिली, लॅमिनेट करून घेतली. कारण योग्यच होतं. क्लबचं सामान आमच्या माळ्यावर असतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी घरात शिरली तेव्हा खालचं लोखंडी कपाट चिखलाने भरलं, त्यात माझी सगळी डोनर कार्डं गेली. माळ्यावरची पाटी कोरडी राहिली. मी एकूण किती वेळा रक्त दिलं हे आता नक्की सांगता येत नाही. सत्तरच्या आसपास असेल. आकड्याचं एवढं काही नाही, असं आजवर म्हणत आलो. आज वाटलं, कार्डं असती तर बरं झालं असतं. एकदा हातात घेऊन पाहिली असती.

चहा घेतला नाही. पाणी प्यालो.

इतकं काय लागावं माणसाला? क्लबात कामं काय कमी आहेत? जुलैच्या १ तारखेला आमचं नवं वर्ष सुरू होतं, पदग्रहण होतं, की लगेच झेडपीच्या शाळांत वह्या, मग मोतीबिंदू तपासणी, जयपूर फूटची मापं घ्यायचा कॅम्प, पोलिओचे बूथ. हावड्याच्या त्या मुलीनंतर, म्हणजे जानेवारी २०११ नंतर, देशात नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओची नवी केस निघाली नाही आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र मिळालं. त्या दिवशी मीटिंगमध्ये तात्या रडले होते. पुराच्या वेळी बाजारपेठेतला गाळ उपसला, विहिरी उपसल्या, दीड महिना घरात पाऊल टिकलं नाही. या कामांना वयाची अट नाही. उद्याही बोलावतील, उद्याही जाईन.

पण त्या सगळ्या कामांत मी टेबलाच्या या बाजूला असतो. मी देतो, समोरचा घेतो, मध्ये फोटो. वह्या क्लबच्या असतात, चष्मे कोणी प्रायोजक देतो, माझा जातो तो वेळ. शिबिरात मात्र मी त्या पलंगावर झोपायचो. शेजारच्या पलंगावर रिक्षावाला, त्याच्या पलीकडे एस.टी.चा कंडक्टर, मुंबईहून सुट्टीला आलेला एखादा चाकरमानी. सगळ्यांच्या हातात तोच रबरी चेंडू, सगळ्यांच्या खाली तशीच हलणारी पिशवी. साडेतीनशे मिली, फार तर साडेचारशे. तिथे कोणी कोणाला काही वाटप करत नसे. ती दहा मिनिटं मला फार आवडायची, हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. आजपासून मी कायमचा वाटणारा.

हे वाक्य लिहून बराच वेळ थांबलो.

यामागे १९८७ ची गोष्ट आहे. हीची. रत्नागिरीला, त्या रात्री दोन बाटल्या लागल्या. माझा गट जुळला नाही. तेव्हा दवाखान्याबाहेर पैसे घेऊन रक्त देणारे बसलेले असत. १ जानेवारी १९९८ पासून ते बंद झालं, सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने. एक माणूस आणला. त्याचं मनगट माझ्या अंगठ्याएवढं असेल. पुढचं नाही लिहीत. ही आत झोपली आहे, थोरल्याचा फोन येऊन गेला, सगळं नीट आहे.

आज ज्यावर लिहायला बसलो ते अजून आलंच नाही.

साडेदहाच्या सुमारास बचत गटाच्या बायका आल्या. त्यात गोवळकोट बाजूच्या त्या बाई होत्या. मी त्यांना ओळखतो, म्हणजे चेहरा ओळखतो. याआधी तीनदा तरी त्या आल्या आहेत आणि तिन्ही वेळा परत गेल्या आहेत. नोंदणीच्या टेबलावर मीच असायचो. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात बोटातल्या रक्ताचा थेंब सोडतात. बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसं आहे. त्यांचा थेंब तरंगतो. मी हसून म्हणायचो, "ताई, पुढच्या वेळी या." त्या मान हलवून जायच्या. पुढचा फॉर्म. दिवसाकाठी असं किती जणांना म्हणायचो! टॅटू काढून वर्ष न झालेला मुलगा, अँटिबायोटिक चालू असलेले कोणी, उपाशीपोटी आलेला, आणि बायका, बायका, बायका. पुढच्या वेळी या. मला ते वाक्य चांगलं वाटायचं. धीराचं.

आज मी नोंदणीच्या टेबलावर नव्हतो, म्हणून पहिल्यांदा दिसलं की परत फिरलेलं माणूस पुढे काय करतं. त्या बाई पाण्याजवळ उभ्या होत्या. थेंब तरंगला. मुलीने काहीतरी सांगितलं. त्यांनी बोट पदराला पुसलं, सोबतच्या दोघी पलंगावर होत्या त्यांच्याकडे पाहिलं, आणि बसायचं कुठे हे न कळून हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या. खुर्च्या दात्यांसाठी, खाऊ दात्यांसाठी, प्रमाणपत्र दात्यांसाठी. शेवटी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, मैत्रिणींच्या पिशव्या सांभाळत. बारा मिनिटं. मी घड्याळ पाहिलं.

सकाळी मी पण तसाच उभा राहिलो होतो. पण मला अध्यक्षाने हाताला धरून खुर्ची दिली.

मी त्यांना हाक मारली. "ताई, या, बसा." त्यांनी आधी पाटी वाचली. वाचता येतं त्यांना. म्हणाल्या, "नको काका, माझं घेतलं नाय." म्हटलं, "माझंही नाही घेतलं." तेव्हा बसल्या. मी चहा ओतायला लागलो तर मागून डॉक्टरांचा आवाज, "त्यांना चहा नको हो, लिंबूसरबत द्या. चहाने लोह अंगी लागत नाही." सरबत कुठलं तिथे! दोन केळी दिली. नाक्यावरून लिंबूसोडा मागवला, दोघांनी घेतला.

मग त्या बोलल्या. फार नाही. चारही वेळा आकडा साडेअकराच्या आतबाहेरच. घरी कोणाला सांगितलेलं नाही. लोहाच्या गोळ्या आशा सेविका देते, पण पोट बिघडतं म्हणून मध्येच सोडल्या. का येता मग प्रत्येक वेळी, असं मी विचारलं. नको होतं विचारायला. त्या म्हणाल्या, "बुडतो का बघायला."

याच्यावर मला काही बोलता आलं नाही.

डॉक्टरांनी मग त्यांना पाच मिनिटं दिली. गोळी जेवणानंतर, लिंबूपाण्याबरोबर, चहापासून दोन तास लांब. पोट बिघडलं तर एक दिवसाआड, पण सोडायची नाही, तीन महिने. ते सांगत होते आणि मी ऐकत होतो. इतक्या शिबिरांत ही पाच मिनिटं आम्ही कोणालाच दिली नव्हती. देशात पंधरा ते एकोणपन्नास वयातल्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्तक्षय आहे, हे २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत आलंय. हा आकडा मी स्वतः भाषणात वापरलाय. भाषण "म्हणून रक्तदान करा" असं संपायचं. त्या बायका समोर बसलेल्या असायच्या.

दुपारनंतर माझं मन जरा ताळ्यावर आलं, तेही सांगायला हवं. टेबलावरचं काम मला वाटलं तेवढं हलकं नाही. रक्त दिल्यावर पंधरा मिनिटं माणसावर नजर ठेवावी लागते. एक उंच पोरगा, पहिल्यांदाच दिलेलं, उठून चालायला लागला आणि त्याच्या ओठांचा रंग गेला. मी पोहोचलो वेळेत. आडवा केला, पाय खुर्चीवर ठेवले, वारा घातला. दोन मिनिटांत डोळे उघडले आणि म्हणाला, "आईला सांगू नका." नाही सांगत म्हटलं. त्याला बिस्किटं भरवताना मला कळलं की सकाळपासून मी स्वतःबद्दलच विचार करतोय, आणि शिबिर चालूच आहे. मे महिन्यात कॉलेजं बंद, रक्तपेढ्या कोरड्या. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, लाल पेशी पस्तीस-चाळीस दिवस. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी बाटली लागतेच, त्यांना सुट्टी नसते. म्हणून तर आम्ही भर मे महिन्यात, चाकरमानी गावात असताना शिबिर घेतो. माझी एक पिशवी कमी झाली. त्या पोराची एक वाढली. हा हिशोब मला पटतो. दिवसा पटला होता, आत्ताही पटतोय, फक्त कोपर रिकामा वाटतो त्याला इलाज नाही.

सामान आवरताना नोंदणीची वही चाळली. डिस्ट्रिक्टला रिपोर्ट जातो त्यात पिशव्यांचा आकडा असतो. आज ६८. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो झाला. वहीत नावं ९५. दरवर्षी ही वही माझ्याच हातात असते, पण ही वजाबाकी मी कधी केली नव्हती. सत्तावीस. त्यातला एक मी. उरलेल्या सव्वीसांत एकोणीस बायका.

तात्यांना दाखवलं. ते म्हणाले, "मीटिंगमध्ये मांड. पण प्रकल्पाचं नाव काय देणार?" तो प्रश्न बरोबर आहे, नावाशिवाय आमच्याकडे बजेट पास होत नाही. मला अजून नाव सुचलेलं नाही. १४ जूनला पुढचं शिबिर. एका कोपऱ्यात वेगळ्या चार खुर्च्या, डॉक्टरांची पाच मिनिटं, कोकम किंवा लिंबाचं सरबत, आणि महिन्याने फोन. एवढंच म्हणणार आहे. फोन मी करीन. त्या बाईंचा नंबर वहीत ४१ वा आहे. १ ऑक्टोबरच्या शिबिरापर्यंत साडेचार महिने आहेत. तोवर गोळ्या चालू राहिल्या तर कदाचित. कदाचित नाही. त्यांना आज निघताना "पुढच्या वेळी या" म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो नाही. मग काय म्हणालो ते आता आठवत नाही. बहुतेक "सांभाळून जा" म्हणालो.

१९८७ च्या त्या रात्रीच्या माणसाला मी पैसे मोजून दिले होते. शंभराच्या नोटा, किती ते आठवतं. चहा विचारला होता का, ते आठवत नाही. हीला विचारून उपयोग नाही, ती शुद्धीत नव्हती.

पाटी घरी घेऊन आलोय. टेबलावर, वहीच्या शेजारी आहे. मागची बाजू कोरी आहे, पण लॅमिनेशनवर पेन उमटत नाही. मार्कर माळ्यावरच्या खोक्यात असेल. सकाळी शिडी लावतो.