आमची वाटचाल : चार कनेक्शनं, तीन सर्व्हर आणि एक डोमेन

लोअर परळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात आमचं प्री-प्रेसचं काम चालतं. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, औषधांची खोकी. गिऱ्हाईक फाइल पाठवतं, आम्ही ती तपासून, रंग वेगळे करून प्लेटसाठी पुढे धाडतो. कच्चा माल तारेतून येतो आणि पक्का मालही तारेतूनच जातो. त्यामुळे यंत्रांपेक्षा जास्त वेळा आम्ही इंटरनेट आणि होस्टिंग (वेबसाइट व मेल ठेवायची भाड्याची जागा) बदललं आहे. नवं घेणं सोपं असतं. जुन्याच्या हातात आपलं काय काय अडकलंय, ते सोडायच्या वेळी कळतं. ही वाटचाल बहुतेक त्याचीच.

डायल-अपचा काळ सोडून देऊ. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, पण छपाईच्या फाइली त्या तारेवर कधी बसल्याच नाहीत. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात किमान २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं गेलं. ४०० एमबीची पीडीएफ या वेगाने वर चढवायची तर हिशोब असा: ४०० गुणिले ८ म्हणजे ३,२०० मेगाबिट, भागिले ०.२५६, म्हणजे जवळजवळ साडेतीन तास. पोऱ्याच्या हाती सीडी देऊन पाठवणं स्वस्त आणि जलद. २०२३ मध्ये किमान वेग २ एमबीपीएस झाला. तरी तीच फाइल २७ मिनिटं घेते. व्याख्या डाउनलोडची आहे, अपलोडबद्दल ती गप्प. जाहिरातीतला आकडाही बहुधा डाउनलोडचाच असतो. आमच्यासारख्या धंद्याने पहिला प्रश्न अपलोडचा विचारावा, आणि उत्तर लेखी घ्यावं.

टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं ब्रॉडबँड, म्हणजे एडीएसएल, पावसाळ्यात का मरायचं, हे आता इतिहासजमा असलं तरी ज्यांच्याकडे अजून आहे त्यांच्यासाठी सांगतो. रस्त्यावरच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलं की खरखर वाढते. मोडेमच्या पानावर एसएनआर मार्जिन (सिग्नल खरखरीच्या किती वर आहे तो आकडा) ६ डेसिबलच्या खाली गेलेलं दिसलं तर लाइन सारखी तुटू लागते. मोडेम बदलून काही होत नाही. आधी सगळे जोड-फोन काढून मोडेम थेट पहिल्या डबीत लावून पाहायचा. आकडा सुधारला तर दोष आपल्या घरातला, नाही तर रस्त्यावरचा. ही तपासणी करून तक्रार नोंदवली की लाइनमन निदान 'तुमचाच मोडेम खराब' म्हणत नाही.

मग आला गल्लीतला केबलवाला. या गच्चीवरून त्या गच्चीवर लॅनची केबल, मध्ये पत्र्याच्या डब्यात एक स्विच (एका तारेवरून अनेकांना जोडणी देणारं यंत्र). कॅट-५ केबल १०० मीटरपर्यंतच नीट चालते, त्यापुढे पॅकेट (डेटाचे तुकडे) गळू लागतात. वेग दिसतो पण मोठी फाइल अर्ध्यावर तुटते. तो स्विच कुठल्या मीटरवर चालतो हे विचारायला कोणालाच सुचत नाही. शेजारच्या इमारतीच्या जिन्याच्या दिव्यावर असेल, तर तिथली वीज गेली की आपलं नेट गेलं, आणि आपल्याकडे यूपीएस असून उपयोग नाही.

अशा कनेक्शनवरून दुसरीकडे जाताना, किंवा नुसता राउटर बदलतानाही, दोन गोष्टी हातात हव्यात. एक, पीपीपीओईचं (पुरवठादाराकडे लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम आणि पासवर्ड. तो बहुतेकदा बसवायला आलेल्या मुलाने राउटरमध्ये भरलेला असतो आणि तुम्हाला कधी दिलेलाच नसतो. राउटर रीसेट केला की संपलं. दुसरं, मॅक बाइंडिंग. पुरवठादाराने तुमच्या जुन्या राउटरचा मॅक पत्ता (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा क्रमांक) नोंदवून ठेवलेला असतो, म्हणून नवा राउटर पासवर्ड बरोबर असूनही जोडला जात नाही. नव्या राउटरमध्ये जुना मॅक 'क्लोन' करा किंवा फोन करून नोंद बदलून घ्या. जोडणी झाल्यावर काही साइट्स उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात, असं दिसलं तर राउटरमध्ये एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) १५०० ऐवजी १४९२ करा. पीपीपीओईचे ८ बाइट त्यातूनच जातात.

फायबर आल्यावर सगळं सुटलं असं वाटतं. सुटतं बरंच, पण फायबरचे आजार वेगळे. रस्त्यावरून आलेला एक धागा स्प्लिटरमधून अनेकांना वाटला जातो, आणि १:३२ च्या स्प्लिटरमध्येच सुमारे १७ डेसिबल प्रकाश खर्च होतो. तुमच्याकडच्या फायबरच्या डब्याला, म्हणजे ओएनटीला, साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचं माप; उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी) मधला प्रकाश लागतो. बसवायला आलेल्या माणसाकडे पॉवर मीटर असतो. तो लावून आकडा दाखवायला सांगा आणि भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवा. उणे २० च्या आसपास असेल तर झकास. उणे २६ वर 'चालतंय ना साहेब' म्हणून तो निघून जात असेल तर अडवा, कारण केबल दारात किंवा टेबलामागे जराशी दुमडली तरी लाल दिवा लागणार. हिरव्या टोकाचा कनेक्टर तिरका घासलेला असतो, निळ्याचा सरळ. हिरव्यात निळा घातला तर बसतो, पण प्रकाश गळतो. हे चुकून फार वेळा होतं.

सर्वांत महाग पडणारी चूक मात्र दोन पुरवठादार घेण्यातली. एक बंद पडला तर दुसरा, म्हणून दोन कनेक्शनं घ्यायची, डुअल-वॅन (दोन कनेक्शनं एकत्र जोडता येणारा) राउटर लावायचा, आणि दोन्ही एकाच दिवशी बंद! कारण इमारतीत दोघांच्या केबली एकाच डक्टमधून (केबलींच्या पोकळ वाटेतून), एकाच स्थानिक ऑपरेटरच्या हातून येतात. बिलावरची नावं वेगळी, जिन्यातली तार एक. जगाशी भारताला जोडणाऱ्या समुद्री केबलींपैकी एक आमच्या गाळ्यापासून हाकेच्या अंतरावर, प्रभादेवीच्या लोकमान्य विदेश संचार भवनात येते. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबली तुटल्या तेव्हा इथलं नेट रांगू लागलं होतं, ते खरं. एरवीचा घोळ समुद्रात नसतो, शेवटच्या दोनशे फुटांत असतो: पावसाआधीची घाईघाईची खोदाई, गणपतीच्या आगमनात उंच मूर्तीसाठी वर उचललेल्या किंवा सरळ कापलेल्या लटकत्या तारा, आणि डक्टमधले उंदीर. म्हणून दुसरं कनेक्शन घेताना आम्ही वेग शेवटी विचारतो. आधी विचारतो, 'तुमची केबल इमारतीत कुठून शिरते?' पहिली रस्त्याकडून असेल तर दुसरी मागच्या गल्लीतून हवी. तसं जमत नसेल तर दुसरी सोय सरळ सिमकार्डवरच्या राउटरची करावी. ती मंद असेल, पण तिची वाट तरी वेगळी असते.

आयपी पत्त्याचं आधी ठरवा. नव्या कनेक्शनवर राउटरच्या पानात दिसणारा वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात: एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. मग कॅमेऱ्यांचा डीव्हीआर घरून पाहता येत नाही, ऑफिसच्या संगणकावरचं टॅली बाहेरून उघडत नाही, आणि राउटरमधले पोर्ट (बाहेरून आत यायच्या वाटा) कितीही उघडले तरी फरक पडत नाही. स्थिर (न बदलणारा, फक्त आपला) आयपी मागावा लागतो, त्याचे वर्षाचे वेगळे पैसे असतात आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. बिल जीएसटी क्रमांकासह फर्मच्या नावाने घ्या. मालकाच्या व्यक्तिगत नावावर असेल तर क्रेडिट बुडतं. जुना स्थिर आयपी कुठे कुठे नोंदवलेला आहे (बँक, गिऱ्हाइकाचा एफटीपी म्हणजे फाइली देण्याघेण्याचा सर्व्हर, प्लेटवाल्याचा सर्व्हर) याची यादी जुनं बंद करण्याआधी करा. मोबाइल नंबर २०११ पासून तोच ठेवून कंपनी बदलता येते. ब्रॉडबँडला तशी सोय नाही. म्हणजे नवं घ्यायचं, दोन्ही एक महिना शेजारी शेजारी चालवायचं, आणि मग जुनं लेखी अर्जाने बंद करायचं. डबा परत देताना अनुक्रमांक लिहिलेली पोच घ्यायची. पोच नसेल तर डिपॉझिटमधून 'उपकरण परत मिळालं नाही' म्हणून कापतात, आणि आपल्याकडे दाखवायला काही नसतं. लग्नसराईत आणि दिवाळी अंकांच्या तोंडावर यातलं काहीही करायचं नाही.

आता होस्टिंग. इथे तार दिसत नाही, म्हणून घोळही उशिरा दिसतो.

पहिली गोष्ट, डोमेन (वेबसाइटचं नाव) कोणाच्या नावावर आहे? वेबसाइट बनवणाऱ्याने 'सगळं मी बघतो' म्हणून स्वतःच्या खात्यात स्वतःच्या नावाने नोंदवलेलं असेल, तर दुकान तुमचं आणि पाटी त्याची. रजिस्ट्रंट (डोमेनचा मालक) म्हणून फर्मचं नाव हवं, आणि खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेनची मुदत संपली की त्या पत्त्यावरची मेल बंद, मग 'नूतनीकरण करा' ही सूचना येणार कुठे? डॉट कॉमची मुदत संपून गेल्यावर आणि रजिस्ट्रारची (नाव नोंदवणाऱ्या कंपनीची) सवलतीची मुदतही उलटल्यावर ३० दिवस सोडवून घेण्याचा काळ असतो, तोही दंड भरून. पुढे ५ दिवसांनी नाव बाजारात मोकळं. नोंदणी किंवा ट्रान्सफरनंतर सहसा ६० दिवस नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही. म्हणून मुदतीच्या आठवडाभर आधी हलवायला घेऊ नका, दोन-तीन महिने आधी घ्या. लॉक काढा, ऑथ कोड (नाव हलवायचा गुप्त क्रमांक) मागा, नव्याकडे भरा, ईमेलवरून होकार द्या. जुन्याने काहीच केलं नाही तरी ५ दिवसांत ट्रान्सफर होतो, आणि मुदतीत एक वर्ष वाढतं.

डीएनएस (डोमेनवरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी नोंदवही) जुन्या रजिस्ट्रारच्या फुकट सर्व्हरवर असेल तर ट्रान्सफर होताच त्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात. आधी सगळ्या नोंदी उतरवून घ्या: ए (साइटच्या सर्व्हरचा पत्ता), सीनेम (टोपणनाव), एमएक्स (मेलचा सर्व्हर) आणि टीएक्सटी (मजकुराची नोंद). त्या नव्या डीएनएसवर भरा, मग नावाला हात लावा. डीएनएससेक (नोंदींवरची डिजिटल सही) चालू असेल तर जुनी डीएस नोंद (ती सही पडताळणारी) आधी काढा; ती राहिली तर साइट काहींना दिसते आणि काहींना नाही, आणि कारण शोधायला दिवस जातो.

सर्व्हर हलवण्याच्या किमान एक दिवस आधी ए नोंदीचा टीटीएल (इतरांनी ती नोंद किती वेळ लक्षात ठेवावी तो आकडा) ८६४०० वरून ३०० सेकंदांवर आणा. नेमसर्व्हर (डीएनएसच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलण्यापेक्षा ए नोंद बदलणं बरं, कारण डॉट कॉमच्या नेमसर्व्हर नोंदी ४८ तासांपर्यंत जुन्याच राहतात. आणि बदलण्याआधी नवी साइट स्वतःच्या संगणकावर होस्ट्स फाइलमध्ये (नावाचा पत्ता संगणक आधी इथे पाहतो) एक ओळ घालून पाहा. गिऱ्हाइकाच्या आधी आपल्याला चूक दिसते.

मराठी साइटचा खास घोटाळा अक्षरांचा. जुन्या डेटाबेसमधले टेबल लॅटिन-१ (युरोपीय अक्षरांची जुनी पद्धत) म्हणून नोंदलेले आणि आतला मजकूर यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची पद्धत), असं पुष्कळदा असतं. जुन्या सर्व्हरवर एक चूक दुसरीला झाकते, म्हणून सगळं ठीक दिसतं. नव्या सर्व्हरवर आयात करताना त्याचं पुन्हा रूपांतर होतं, आणि देवनागरीचं अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र लॅटिन चिन्हं उमटतात. उपाय असा: डंप (डेटाबेसची उतरवलेली फाइल) लॅटिन-१ म्हणूनच काढायचा, फाइलमधल्या घोषणा यूटीएफ-८ एमबी-४ करायच्या, मग आयात. तपासायला 'ऱ्हास', 'ॲल्युमिनियम', 'लग्नपत्रिका' हे तीन शब्द पुरतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात टाइप केलेला मजकूर मात्र यात सुधारत नाही. तो युनिकोडमध्ये वेगळा बदलून घ्यावा लागतो. पान पांढरं येत असेल तर पीएचपीची (साइट ज्या भाषेत लिहिलेली असते तिची) आवृत्ती पाहा. डेटाबेसशी बोलणाऱ्या जुन्या माय-एसक्यूएल फंक्शन्स पीएचपी ७ मध्ये काढूनच टाकल्या आहेत. चित्रं गायब असतील तर फाइलींच्या नावांतली इंग्रजी अक्षरं लहान की मोठी ते पाहा. विंडोज सर्व्हरला फरक पडत नाही, लिनक्सला पडतो. 'अमर्यादित जागा' लिहिलेल्या योजनेत फाइलींच्या संख्येवर सहसा मर्यादा असते; अटींच्या पानावर तळाशी सापडते.

मेलचं प्रकरण सगळ्यात नाजूक, म्हणून ती वेबसाइटच्या होस्टिंगपासून वेगळी ठेवावी हे आमचं ठाम मत. पीओपी (मेल संगणकात उतरवून घेण्याची पद्धत) वापरणाऱ्याची जुनी मेल बहुधा फक्त त्याच्या संगणकात असते, सर्व्हरवर नसते. आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवणारी पद्धत) असेल तर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर फोल्डरसकट उतरवता येते. एमएक्स बदलल्यावरही काही काळ जुन्या सर्व्हरवर मेल पडत राहते, म्हणून शेवटची उतरवणी दोन-तीन दिवसांनी पुन्हा करा. आणि एक सापळा: मेल बाहेर नेली तरी होस्टिंगच्या सीपॅनेलला (होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलला) वाटत असतं की या डोमेनची मेल आपल्याकडेच आहे. साइटवरच्या चौकशी फॉर्मची पत्रं त्याच सर्व्हरच्या जुन्या पेटीत पडत राहतात आणि गिऱ्हाईक 'उत्तरच नाही' म्हणून दुसरीकडे जातं. ईमेल रूटिंग 'लोकल'वरून 'रिमोट' करा.

एसपीएफची (आपल्या नावाने मेल कोणी पाठवावी ते सांगणारी) नोंद डोमेनला एकच चालते. जुनी ठेवून नवी शेजारी टाकली तर दोन्ही बाद. ती तपासताना कराव्या लागणाऱ्या डीएनएस-शोधांची मर्यादा १० आहे. डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही) नव्या पुरवठादाराची, आणि डीमार्क (तपासणीत नापास पत्राचं काय करायचं ते सांगणारी नोंद) सुरुवातीला 'नन', म्हणजे काहीच करू नका, या धोरणावर. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतंच, त्यामुळे कोटेशन स्पॅममध्ये गेलं की आधी इथे पाहायचं.

महिनाभर जुनं होस्टिंग तसंच ठेवायचं. मग शेवटचा पूर्ण बॅकअप आपल्या हार्ड डिस्कवर, एसपीएफमधून जुन्या सर्व्हरचं नाव काढणं, आणि बँकेच्या ॲपमधून त्यांचा ई-मँडेट (आपोआप पैसे कापण्याची परवानगी) रद्द करणं. हे शेवटचं राहिलं, तर बंद केलेल्या सर्व्हरचे पुढच्या वर्षाचे पैसेही खात्यातून जातात.