‘गाडी घेतली का?’

गेल्या गुरुवारी सकाळी मी इथल्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये दुसऱ्यांदा नापास झालो. बायकोला माहीत आहे, आणि आता तुम्हाला. अण्णांना, म्हणजे वडिलांना, दोन्ही वेळचं सांगितलेलं नाही. ते हे वाचणार नाहीत, पण धाकटी बहीण वाचते. माई, घरात बोलू नको.

संध्याकाळी नेहमीसारखा बीडहून फोन आला. जेवलास का, थंडी किती आहे, आणि तिसरा प्रश्न, जो पाच वर्षांत बदललेला नाही: "गाडी घेतली का?"

आमच्याकडं माणूस परदेशात गेला की त्याचं बरं चाललंय की नाही हे गाडीवरून ठरतं. गल्लीतला एकजण अमेरिकेत गेला, सहा महिन्यांत निळ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवलेला त्याचा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला. माझा एकही नाही. त्यात मी राहतो जर्मनीत, श्टुटगार्टजवळ. इथंच डाइमलरनं १८८६ मध्ये घोडागाडीला इंजिन बसवलं. आणि पोटापाण्याला काम करतो तेही गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं. ऑफिसात दिवसभर ब्रेकचं गणित मांडायचं आणि संध्याकाळी बसस्टॉपवर हात चोळत उभं राहायचं.

म्हणून मी एक भाषण तयार ठेवलंय. महिन्याला ६३ युरोचा पास आहे, त्यावर देशभरातली शहर बस, ट्राम, लोकल, पॅसेंजर सगळं चालतं, फक्त लांब पल्ल्याच्या जलद गाड्या सोडून. २०२३ च्या मे महिन्यात तो ४९ युरोला सुरू झाला, गेल्या वर्षी ५८ झाला, यंदा ६३, तरी स्वस्तच. शहरात पार्किंग मिळत नाही. २०१९ मध्ये श्टुटगार्टात जुन्या डिझेल गाड्यांना बंदी आली, हवा एवढी खराब झाली होती. शिवाय रेल्वेत वाचन होतं. (वाचन म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप, पण ते सोडा.) अण्णा सगळं शांतपणे ऐकतात आणि म्हणतात, "बरं. मग घेणार कधी?"

खरं काय ते सांगतो. भारताचं लायसन इथं राहायला आल्यापासून सहा महिने चालतं. त्या सहा महिन्यांत मी घर शोधणं, भाषा आणि थंडी यांतच गुंतलो. सातव्या महिन्यापासून मी कायद्याच्या नजरेत गाडी न येणारा माणूस. डोळे तपासा, प्रथमोपचाराचा दिवसभराचा वर्ग करा, तीस प्रश्नांची लेखी परीक्षा द्या आणि मग रस्त्यावरची पंचावन्न मिनिटांची परीक्षा. लेखी पहिल्याच फटक्यात निघाली. घोकंपट्टीत आपल्याला कोण हरवणार?

रस्त्यावरचीही भीती नव्हती. मी मामाच्या सुमोवर गाडी शिकलेला माणूस आहे. रात्री मांजरसुंबा घाट उतरलोय, समोर उसाची ट्रॉली, तिला मागं लाल दिवा नाही, फक्त लोंबणारं वाढं दिसतंय, आणि त्यावर झोपलेलं माणूस. तेव्हा गाडीला ओरखडा आला नाही. ज्यानं हे केलंय त्याला काय शिकवणार, असं मी शिकवणीच्या पहिल्या दिवशी मनात म्हटलं होतं. पाच मिनिटांनी शिक्षकानं विचारलं, "तुझा अंगठा सारखा हॉर्नवर का असतो?" मला तर तो तिथं आहे हेच माहीत नव्हतं.

पहिल्यांदा उजवीकडं वळताना मान मागं वळवून सायकलवाला बघितला नाही म्हणून गेलो. आरशात बघितलं होतं, पण आरसा पुरत नाही, मान वळलेली परीक्षकाला दिसली पाहिजे. ठीक, मान्य.

दुसऱ्यांदाचं मात्र मला अजून पचत नाही. इथं एक नियम आहे, उजवीकडच्याला आधी. जिथं पाटी नाही, सिग्नल नाही, तिथं उजव्या बाजूनं येणारा आधी जाणार. तुम्ही सरळ, रुंद रस्त्यावर आहात, दोन्हीकडं घरं, ताशी ३० ची हद्द, आणि उजवीकडून बोळासारखी एक गल्ली येते. तिच्या तोंडाशी कडेला गाड्या लावलेल्या, आतलं काही दिसत नाही. तरी त्या बोळातून आलेली गाडी तुमच्यापेक्षा मोठी. प्रत्येक बोळाशी वेग कमी करायचा, मान वळवायची, बघायचं. अशा वस्तीत शंभर पावलांवर एक बोळ असतो. मी सहा बोळांशी वेग कमी केला. सातव्याशी एक पांढरी छोटी गाडी होती, चालवणाऱ्या बाई सत्तरीच्या. त्या हळू येत होत्या. मला वाटलं, थांबतील. माझा रस्ता मोठा आहे, त्यांना दिसतंय, मला दिसतंय, आमची नजरानजर झाली. आपल्याकडं नजरानजर झाली की विषय संपतो, एकजण थांबतो, दुसरा निघतो, कुणाच्या मनात काही राहत नाही.

तेवढ्यात गाडीत "पीं" असा बारीक आवाज झाला. शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखालीही ब्रेक असतो, आणि त्यानं तो दाबला की हा आवाज येतो, म्हणजे मागं बसलेल्या परीक्षकाला कळावं. त्या आवाजानंतर कुणी काही बोलत नाही. बोलायची गरजच नसते. त्या बाई हात हलवून आभार मानत पुढं गेल्या, आणि मागून फक्त पेनाचा कागदावरचा आवाज येत राहिला.

त्या गाडीत आणि माझ्यात चांगलं आठ-दहा मीटर अंतर होतं. आठ-दहा मीटरमध्ये आमच्या सुभाष रोडवर दोन मोटारसायकली, एक टमटम आणि मिरवणुकीतला बँड जातो. हे मी शिक्षकाला सांगायला गेलो, पण माझं जर्मन टमटमपर्यंत पोचत नाही. तो म्हणाला, "तू थांबला असतास. पण त्या बाईंना हे कसं कळणार?" यावर मी खूप विचार केला आणि अजून मला चांगलं उत्तर सुचलेलं नाही. तरी माझं मत आहे की त्यानं ब्रेक जरा लवकर दाबला.

तर शुक्रवारी पुन्हा बस. गावातून ७:१२ ला निघते, हेरेनबर्ग स्टेशनला सोडते, तिथून एस१ लोकलनं फाईंगनला ऑफिस. बस ७:१२ ची म्हणजे ७:१२ ची. रेल्वेचं तसं नाही. जर्मन रेल्वेच्या वक्तशीरपणाच्या गोष्टी आपण शाळेपासून ऐकल्या, पण २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर होत्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीरच धरत नाहीत. ही आकडेवारी मी फार आनंदानं घरी सांगतो.

अण्णा बीड डेपोला कंडक्टर होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. मशीन येण्याआधीचा तिकिटांचा पत्र्याचा ट्रे, रंगीबेरंगी गड्ड्या, आणि दांडीवर वाजवायचा पंच. त्या टकटकीवरून आम्ही पोरं सांगायचो, अण्णांची गाडी आली. मुक्कामी गाडीवर असले की रात्री डोंगराकडच्या कुठल्यातरी गावात देवळात झोपायचे आणि सकाळी सहाला दुधाच्या कॅन्यांसह परत. आयुष्य उभ्यानं गेलं त्यांचं. म्हणून मी बसनं जातो हे त्यांना लागतं. एकदा म्हणाले होते, "मी बशीत उभा राहिलो, तू तरी तुझ्या गाडीत बसून जा."

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आई आणि अण्णा इथं आले होते. पहिल्याच दिवशी बसमध्ये अण्णा बसलेच नाहीत. दाराजवळ दांडीला धरून उभे. नजर फिरवून त्यांनी माणसं मोजली आणि माझ्या कानाशी म्हणाले, "एवढ्या मोठ्या गाडीत अकरा शिटा. डेपो बुडंल यांचा." पुढं स्टेशनावर ते गेट शोधत राहिले. गेट नाही, कंडक्टर नाही. कधीतरी साध्या कपड्यातला तपासनीस येतो, आणि तिकीट नसलं तर साठ युरो.

"मग रोज तिकीट कोण फाडतं?"

"कुणीच नाही."

"आणि लोक काढतात?"

"काढतात."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. त्यांच्या आयुष्यातली बत्तीस वर्षं त्या एका वाक्यात गेली होती, हे मला नंतर लक्षात आलं. मी घाईनं सांगितलं की फुकटे इथंही असतात. तेव्हा जरा बरं वाटलं त्यांना.

मग एका सकाळी ते घडलं. आम्ही ७:१२ मध्ये बसलो होतो, कोपऱ्यावरून एक बाई पळत येताना दिसली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पोराचं दप्तर. ड्रायव्हरनं तिच्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं आणि दार लावलं. बस निघाली. अण्णांचा उजवा हात वर गेला. वर दोरी नव्हती, इथं लाल बटण असतं, तेही खांबाला. एक घंटी थांबायची, दोन निघायच्या, हे त्यांच्या हातातच भिनलंय. हात तसाच क्षणभर हवेत राहिला आणि मग खाली येऊन दांडीवर बसला.

मला एवढा राग आला की मी अख्खा रस्ता बोलत होतो. कसला हा देश, माणूस डोळ्यांसमोर पळतंय, दहा सेकंदं थांबला असता तर काय बिघडलं असतं? आपल्या यष्टीचा पत्रा खिळखिळा असेल, खिडकीला काच नसेल, पण म्हातारी बांधावरून हात करताना दिसली तरी गाडी थांबते. तुम्ही किती जणांसाठी थांबलात, अण्णा!

अण्णा म्हणाले, "त्यानं बरोबर केलं."

"म्हणजे?"

"आपल्याला थांबणं भागच होतं. ती म्हातारी सुटली असती तर दुसरी गाडी संध्याकाळी, तीबी आली तर. हितं अर्ध्या तासानं दुसरी हाय म्हणतोस. मग कामून थांबायचं? हिच्यापायी पुढच्या स्टॉपची माणसं खोळंबत्याल, त्यांची रेल्वे चुकंल." मग जरा थांबून म्हणाले, "आम्ही काय हौसेनं थांबत नव्हतो."

मी हे वाक्य कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण यष्टीच्या माणुसकीवर माझं दुसरं एक भाषण आहे आणि ते यानं मोडतं.

ऑफिसातल्या एकाशी मध्यंतरी रेल्वेवरून विषय निघाला. गेल्या सप्टेंबरच्या १७ तारखेला, मुक्तिसंग्राम दिनाला, बीडला पहिली रेल्वे आली. अण्णांनी व्हिडिओ पाठवला होता, फुलांच्या माळा, धूर, आणि कॅमेरा सारखा आभाळाकडं. नगर-बीड-परळी, २६१ किलोमीटर, मंजुरी १९९५ ची. तेव्हा मी दुसरीत होतो. परळीला रेल्वे फार जुनी, पण जिल्ह्याच्या गावाला नाही. तेव्हाही बीडपासून परळीपर्यंतचा टप्पा राहिलाच होता. मी कौतुकानं तो व्हिडिओ दाखवला तर या माणसाला हसू आलं. दीड लाखाचं गाव, आणि रेल्वे २०२५ मध्ये? त्याच्या हेरेनबर्गची वस्ती तीस हजारांच्या घरात, तिथं १८७९ मध्ये रेल्वे आली. एकशे सेहेचाळीस वर्षं आधी. मी म्हटलं, तुमच्या श्टुटगार्टच्या नव्या स्टेशनाचं काम २०१० मध्ये सुरू झालं, २०१९ ला उघडणार होतं, कुठंय ते? तो गप्प झाला. मला दिवसभर बरं वाटलं. परतीच्या लोकलमध्ये मात्र कळलं की त्यांचं जुनं स्टेशन चालू असताना नव्याला उशीर झालाय, आणि आमच्याकडं लोक तीस वर्षं रुळांचीच वाट बघत होते. ही काही बरोबरी नाही. त्याला मी तसं सांगितलेलं नाही.

इथपर्यंत लिहून झालं आणि रविवारी पुन्हा फोन आला. अण्णा त्या नव्या रेल्वेनं, डिझेलवरच्या डेमूनं, नगरला जाऊन आले होते. जागा मिळाली का विचारलं तर म्हणाले, जागा पुष्कळ होती, पण दारातच उभा राहिलो, बसवंना. मग डब्यात किती शिटा होत्या, कुठल्या स्टेशनात किती चढल्या, सगळा हिशोब सांगितला, कंडक्टरचं वेबिल भरल्यासारखा. जेवलास का झालं, थंडी झाली. तिसरा प्रश्न आलाच नाही. मीही विषय काढला नाही.

फोन ठेवताना म्हणाले, "तिसऱ्यांदा कवाय?"

बायको आणि माई रोज बोलतात हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"एकोणीसला. सकाळी साडेआठला."

"जायचं कसं?"

"बसनं. ७:१२ ची."

"आधीची धर," अण्णा म्हणाले.