रॅम्पवरचा लाल दिवा: 200 गाड्या रोखून 600 वाचवण्याचा हिशोब

तीन लेनचा फ्रीवे ताशी 6000 गाड्या नेतो असं धरा. मागून 5400 येताहेत, फ्रीवेवर चढणाऱ्या रॅम्पवरून 800. जादा फक्त 200. सोडल्या तर काय बिघडलं? बिघडतं ते असं: मर्जपाशी, म्हणजे रॅम्प फ्रीवेला मिळतो तिथे, एकदा कोंडी झाली की तिच्यातून सुटणाऱ्या गाड्या अंतर ठेवून, रेंगाळत वेग घेतात आणि क्षमता साधारण 5 ते 15 टक्क्यांनी घसरते. 10 टक्के धरले तरी ताशी 600 गाड्यांचं नुकसान. रॅम्प मीटरिंगचा, म्हणजे रॅम्पवर दिवा लावून गाड्या मोजून सोडण्याचा, सगळा अर्थ या घसरणीत आहे.

आणि वाहतुकीच्या संगणकी मॉडेलमधून नेमकी हीच निसटते. डगान्झो यांचं 1994 चं सेल ट्रान्समिशन मॉडेल सुरुवातीला उत्तम. त्यात रस्त्याचे तुकडे (सेल) पाडून दर पावलाला एका सेलमधून पुढच्यात गाड्या सरकवतात. मागचा सेल किती देऊ शकतो, रस्त्याची क्षमता किती, पुढे जागा किती. यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे प्रवाह. एक पाऊल 10 सेकंदांचं धरलं तर ताशी 100 किमी वेगाने गाडी तेवढ्यात 278 मीटर जाते, म्हणून सेल 300 मीटरचा घ्या. त्याहून बराच आखूड घेतला तर सेलमध्ये आहेत त्यापेक्षा जास्त गाड्या बाहेर काढल्या जातात आणि घनता शून्याखाली जाते. पण मूळ रूपात यात क्षमता घसरतच नाही. मग रांगेमुळे एखादी एक्झिट अडत नसेल, तर मीटरिंगने एकूण वेळ वाचलेला दिसत नाही. रांग नुसती रॅम्पवर सरकते. ‘मीटरिंग निरुपयोगी’ असं लिहिण्याआधी कोंडलेल्या सेलचा विसर्ग 10 टक्के कमी करून पुन्हा चालवा.

दिवा नियंत्रित करायला अलिनिया हे सूत्र पुरतं. मर्जच्या पुढे, जिथे कोंडी सुरू होते तिथे डिटेक्टर. ऑक्युपन्सी म्हणजे डिटेक्टरवर गाडी असण्याच्या वेळेची टक्केवारी, आणि दर म्हणजे रॅम्पवरून ताशी सोडायच्या गाड्या. दर मिनिटाला नवा दर = मागचा दर + 70 × (लक्ष्य ऑक्युपन्सी − मोजलेली). लक्ष्य 20 टक्के, मोजली 26, मागचा दर 700: उत्तर 280, म्हणजे सुमारे 13 सेकंदांना एक गाडी. पुढच्या मिनिटालाही 26 आली तर उत्तर उणे 140. दिव्यावर किमान 240 लावता, पण ‘मागचा दर’ म्हणूनही 240 च साठवा. उणे 140 साठवलात तर ऑक्युपन्सी 17 वर आल्यावरही हिशोब 70 च सांगतो आणि रस्ता मोकळा असताना रॅम्प अडून राहतो. ही चूक फार वेळा दिसते.

खरी अडचण जागेची. 300 मीटरच्या एका लेनवर, गाडीमागे 7 मीटर धरले तर 42 गाड्या मावतात. ताशी 200 जादा म्हणजे 13 मिनिटांत रॅम्प भरला. गर्दी त्याहून कितीतरी लांबते. रॅम्प सुरू होतो त्या तोंडाशी रांग पोहोचताच दिवा एकदम 900 वर उघडला तर कोंडी होतेच, वर आधी थांबलेल्यांचा वेळही फुकट. दर आधीपासून हळूहळू वाढवा आणि मागच्या रॅम्पची मोकळी जागा वापरा. तो 3 किमी मागे असेल तर तिथे कमी केलेल्या गाड्यांचा फरक इथे यायला जवळपास दोन मिनिटं लागतात, म्हणून तिथला दिवा इथली रांग निम्मी असतानाच आवळायला घ्यावा.