स्त्रीचे तुकडे

सकाळी सव्वानऊला सरांचा फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही. "अगं, तुझ्या साइटवर स्त्रीचे तुकडे झालेत."

सर म्हणजे एका गावच्या वाचनालयाच्या वार्षिकाचे संपादक, निवृत्त मराठीचे शिक्षक. त्यांचे जुने अंक ह्यूगोवर, म्हणजे वेबसाइटची पानं आधीच तयार करून देणाऱ्या प्रोग्रामवर, चढवायचं काम माझ्याकडे होतं. डेटाबेस नाही, सर्व्हरवर नुसती तयार पानं. वाचनालयाच्या खर्चात तेवढंच बसत होतं. थीम, म्हणजे साइटच्या दिसण्याचा तयार साचा, इंग्रजी साइटसाठी केलेली. हवे ते टेम्प्लेट, म्हणजे पानांचे आराखडे, मी आमच्या लेआउट्स फोल्डरमध्ये नव्याने लिहिले होते. ह्यूगो आधी आपलं फोल्डर बघतो, मग थीमचं, त्यामुळे मूळ थीमला हात लावावा लागत नाही. शिरोरेषा तोडणारं लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, काढलं, वेलांट्या कापल्या जात होत्या म्हणून ओळींतलं अंतर वाढवलं आणि झालं असं समजून झोपले.

राहिलं ते लेखाचं मोठं पहिलं अक्षर. थीम ते सबस्ट्रिंग फंक्शनने काढत होती: पहिला एक घ्या, वेगळं रूप देता यावं म्हणून वेगळ्या स्पॅनमध्ये टाका. पण त्या फंक्शनच्या लेखी 'एक' म्हणजे एक युनिकोड संकेत, संगणक प्रत्येक चिन्हाला देतो तो क्रमांक. 'स्त्री'त तसे सहा असतात: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. पानावर भलामोठा लाल 'स' आणि त्याच्या पुढे ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेला हलन्त. चाचणीसाठी मी घेतलेले तिन्ही लेख 'आ', 'म' आणि 'घ'ने सुरू होत होते. नशीब म्हणायचं की दुर्दैव!

दुपारपर्यंत रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरांचा क्रम ओळखणारा नियम, लिहिलं: हलन्त लागलेली व्यंजनं कितीही, मग एक व्यंजन किंवा स्वर, मग काना-मात्रा-अनुस्वार. 'स्त्री' सांधली गेली. 'क्षमा', 'ज्ञानेश्वरी', 'श्री' सगळे नीट. लिंक पाठवली.

पंधरा मिनिटांत उत्तर आलं: "'ऱ्हास' बघ."

'ऱ्हास' फुटला होता, आणि तोही एकाच लेखात. दुसऱ्या लेखातला शाबूत. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं. शाबूत लेखात नुक्त्याचा 'ऱ' टंकलेला, फुटलेल्यात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे झिरो-विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह. दिसायला दोन्ही सारखेच. माझा नियम त्या जॉइनरपाशी अडखळून नुसता 'र' उचलत होता. हलन्तानंतर जॉइनर चालेल एवढी भर घातली.

"जमलं," सर म्हणाले. "मी आयुष्यभर पोरांना जोडाक्षरं फोडून दाखवली, पण परत जोडून द्यायचो."

मी हसून लॅपटॉप मिटत होते.

"आणि हो, पुढच्या अंकाचं संपादकीय पाठवलंय. ॐने सुरू होतं."

ॐचा युनिकोड संकेत वेगळा. तो माझ्या स्वरांतही नव्हता, व्यंजनांतही. लॅपटॉप पुन्हा उघडला.